चालवून तर बघा

धाराशिवहून लोहाऱ्याला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर लॅपटॉप, त्यावर आवळलेल्या मुठी. सास्तूरची, कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाची. मी निवृत्त शिक्षक आहे हे कळताच तिचा राग माझ्यावरच निघाला.

"आज प्रोजेक्टची परीक्षा होती, सर. लाख नावांच्या यादीतनं हजारो नावं शोधायची होती. सी भाषेत एकेक नाव तपासत गेले. पायथन भाषेत क्रमानं लावलेली यादी दर खेपेला नको ती अर्धी सोडत गेले. पायथनचं लई आधी झालं. परीक्षक म्हणले, सीच वेगवान भाषा, तुझे आकडे खोटे. चालवून दाखवते म्हणलं, तर बघितलंच न्हाय!"

तिनं तिथंच दोन्ही प्रोग्रॅम चालवले. गाडी खड्ड्यांत आदळत होती, ती एका हातानं स्क्रीन सावरत होती. पायथनचं उत्तर लगेच आलं. सीचं येईस्तोवर कंडक्टर तिकिटं फाडून पुढं गेला.

"भाषा हळू असंल, सर. माझी रीत हळू न्हाय. अन् न बघता खोटं कसं म्हणायचं?"

मला परीक्षकाचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. न वाचता मीही कितीतरी उत्तरांवर लाल रेघ ओढली होती.

"परीक्षक किती वाजेपर्यंत थांबतात?" तिनं विचारलं.

"पाच तरी वाजतात."

बेंबळीला गाडी थांबली तशी ती उतरली आणि रस्ता ओलांडून धाराशिवच्या जीपला हात करू लागली.

"पुन्हा न्हाय म्हणले तर?" मी खिडकीतनं ओरडलो.

"मग दारातच बसून चालवते. जाताना वलांडून जावं लागंल त्यांना!"