इंदूच्या वहीतलं माझं अक्षर

हे मी आजवर कोणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. देवापुढे बसतानासुद्धा हा विषय मनात आला की मी स्तोत्र मोठ्याने म्हणायला लागायची. तुमची माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल. अडखळले तर अडखळू द्या.

स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली होती. आम्ही ठाण्याला, नौपाड्यात एका चाळीत राहत होतो. माझे यजमान कचेरीत कारकून. सरळ माणूस — इतका सरळ, की कचेरीतल्या टाकाने घरचं साधं पत्रसुद्धा लिहायचे नाहीत. आणि आमची एकुलती एक इंदू. नगरपालिकेच्या शाळेतून चौथी झालेली. हसरी, जराशी धांदरट, वर्गात कुठेतरी मधोमध. चाळीतलं कुठलंही रडकं मूल तिच्या कडेवर गेलं की गप्प व्हायचं. एकदा बघितलेला भरतकामाचा टाका तिच्या बोटांत बसायचा. हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण ते मी कशात धरतच नव्हते.

त्या वेळी ठाण्यात मुलींची एक शाळा होती — नाव नको — पाचवीपासून सातवीपर्यंतची. प्रवेशालाच परीक्षा. दर शनिवारी चाचणी, सोमवारी नंबर मोठ्याने वाचायचे आणि त्या नंबराप्रमाणे मुलींना बसवायचे. पहिली अगदी पुढे, शेवटची दाराशी. शाळा वाईट नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. शेजारची वत्सला त्याच बाकांवर बसली आणि पुढे डॉक्टर झाली. सोमवार उजाडला की ती उड्या मारत निघायची. आमची इंदू सोमवारी सकाळी मोरीत उलटी करायची.

प्रवेशाच्या परीक्षेत ती काठावर पास झाली होती. महिन्याभरात दाराशी जाऊन बसली. फ्रॉकची कॉलर चावून चावून तिने तिचे धागे काढले. एकदा मी तिची वेणी घालत होते, तेव्हा पाठमोरीच म्हणाली, "आई, मला परत आधीच्या शाळेत घाल ना. तिथे मला सगळं यायचं."

तिथे मला सगळं यायचं. दहा वर्षांच्या मुलीने याहून स्पष्ट काय सांगायचं असतं? मी वेणी जरा जास्तच घट्ट ओढली आणि म्हटलं, "अभ्यास केलास की इथेही येईल."

मला शिकायचं होतं. चौथीनंतर मला घरी बसवलं, पंधराव्या वर्षी लग्न झालं. हे वाचनालयातून स्वतःसाठी पुस्तकं आणायचे आणि दुपारी ती मी वाचून काढायची, त्यांना पत्ता नसायचा. तेव्हा ती शाळा कोणाला हवी होती, तुम्हीच बघा. इंदू नुसती तिथे जाऊन यायची.

आधी मी तिच्या चुका दुरुस्त करून द्यायची. मग सांगायची आणि ती लिहायची. मग — तिला वेळ लागायचा हो, फार वेळ लागायचा — मग मीच लिहायला लागले. शाळा सकाळची. दुपारी ती जेवून बसली की मी तिची वही ओढून घ्यायची. तिच्यासारखं अक्षर काढायला मी शिकले. तिचा तो पोट फुगलेला 'क', शेवटाला वर चढत जाणारी ओळ. ती समोर बसून बघत राहायची. संध्याकाळी हे घरी आले की वही चाळायचे आणि म्हणायचे, "पोरगी सुधारतेय." तेव्हा मला जो आनंद व्हायचा, त्याची मला आज किळस येते. चाचण्यांत ती तशीच दाराशी होती. पण घरच्या अभ्यासाला शेरे चांगले मिळत होते, आणि मी त्या शेऱ्यांवर जगत होते.

सहावीत असताना बाईंनी 'मिठागर' या विषयावर निबंध घालून दिला. खाडीकडची मिठागरं मी बघितली होती. मी दोन दुपारी बसून तो निबंध लिहिला. कसा लिहिला म्हणून सांगू — उन्हात मिठाचे ढीग, पाण्यात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांच्या फाटलेल्या टाचा — आयुष्यात तेवढं चांगलं मी पुन्हा काही लिहिलं नाही. अकरा वर्षांची मुलगी असं लिहिणार नाही, हे मला कळत होतं. तरी मला एक ओळ कमी करवेना.

निबंध बाईंनी वर्गात वाचला. मुख्याध्यापिकांकडे गेला. त्यांना तो दुसऱ्या शाळांबरोबरच्या स्पर्धेला पाठवायचा होता. पण त्यांना शंका आली असावी. त्यांनी इंदूला आपल्या खोलीत बसवलं, कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, दुसऱ्या कुठल्याही विषयावर दहा ओळी लिही. तासाभराने कागदावर फक्त तिचं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना बोलावणं आलं.

ती खोली मला अजून दिसते. टेबलावर वही उघडी होती. इंदू भिंतीला टेकून उभी. मुख्याध्यापिका रागावलेल्या नव्हत्या, उलट फार मऊ आवाजात बोलत होत्या. त्यांनी विचारलं, "घरी हिला कोणी लिहून देतं का?"

हे म्हणाले, "घरी कोण देणार? मी कचेरीत. आणि हिचं शिक्षण चौथीपर्यंत."

मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे बघितलं. चांगला बराच वेळ बघत राहिल्या. आत्ता वाटतं, त्यांना कळलं होतं. त्या मला जागा करून देत होत्या. 'मी लिहिलं' — दोन शब्द होते. फार काय झालं असतं? हे चार दिवस बोलले नसते. चाळीत हसले असते. एवढंच ना?

मी म्हणाले, "कुठल्या तरी पुस्तकातून उतरवलं असेल."

इंदूने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल — आणि खरं सांगते, त्या क्षणी मला माझ्या पोरीची भीती वाटली. ती म्हणाली, "हो. मी उतरवला."

"कुठल्या पुस्तकातून?" ह्यांनी विचारलं.

"आठवत नाही."

"खोटं बोलू नकोस!" आणि ह्यांनी तिच्या थोबाडीत मारली. तोवर त्यांनी तिच्यावर कधी हात उचललेला नव्हता. मी पदर तोंडाशी धरून उभी राहिले. बघणाऱ्याला वाटलं असेल, बिचारी आई.

घरी आल्यावर हे बाहेर निघून गेले. मी इंदूच्या जवळ गेले. काय बोलायला गेले होते कोण जाणे. तीच म्हणाली, "बाबा तुला ओरडले असते." बस. एवढंच. त्यानंतर तो विषय तिने काढला नाही.

शाळेने तिचं नाव काढलं, दाखल्यावर वर्तणुकीचा शेरा पडला. नगरपालिकेच्या शाळेने तरीही घेतलं असतं. मी एकदा सुचवलं. हे म्हणाले, "चोरी करून वर खोटं बोलते. शिकून आणखी हुशारीने बोलेल." इंदू घरी बसली. मला बसवलं होतं तशीच. हे मी माझ्या हाताने केलं.

तिच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा ती अठराची होती. स्थळ कल्याणजवळ मोहन्याचं, मुलगा तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात. बैठकीत सगळं ठरलं आणि ह्यांना वाटलं, आपण काही लपवून मुलगी देऊ नये. म्हणाले, "कामाला चांगली आहे. फक्त तिचं बोलणं जरा पडताळून घेत जा." मी आतल्या दारात सरबताचा ट्रे घेऊन उभी होते. मी ट्रे खाली ठेवला. आणि परत उचलून बाहेर नेला.

तिची सासू दुष्ट नव्हती. पण तिने ते वाक्य कानात ठेवलं. पहिल्या खेपेला, आठव्या महिन्यात, एका सकाळी इंदू सासूला म्हणाली, "आत्या, पोटात हलत नाही." सासूला वाटलं, माहेरी जायचं निमित्त काढतेय. दुपारी ती पुन्हा म्हणाली. दुसऱ्या दिवशी जावयांनी टांगा आणला आणि तिला कल्याणला नेलं. मूल गेलेलं होतं. वेळेवर नेलं असतं तर वाचलं असतं का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मी त्या 'सांगता येत नाही'च्या आड पुष्कळ वर्षं लपले.

जावई आमच्याकडे सांगायला आले तेव्हा रडत होते. "बाबा, तुम्हीच म्हणाला होतात ना," एवढंच बोलले. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाले, "मी खोटं नव्हतो बोललो." मग माझ्याकडे वळून विचारलं, "बोललो का गं?"

मला विचारलं त्यांनी. सरळ माझ्या डोळ्यांत बघून.

मी म्हणाले, "नाही."

पुढे हे सोळा वर्षं जगले. इंदूला नंतर दोन मुलं झाली. ती यायची, ह्यांच्या पाया पडायची, आणि हे तिच्या डोक्यावर हात ठेवताना दुसरीकडे बघायचे. शेवटच्या आजारात तिनेच त्यांचं सगळं केलं. मी रोज ठरवायची, आज सांगते. ते गेले त्या दिवशी सकाळीही ठरवलं होतं.

आता मी मोहन्याला इंदूकडेच असते. ती मला न्हाऊ घालते, भात मऊ करून वाढते. परवा ती म्हणाली, "शेगडी बंद केलीय," आणि जावई उठून बघून आले. त्यांच्या मनात काही नसतं, इतक्या वर्षांची सवय. इंदूने तिकडे बघितलंही नाही.

त्या संध्याकाळी मी म्हटलं, "इंदू, तो निबंध... मी सगळ्यांना सांगते."

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "कोणाला, आई?"

मी मनात एकेक नाव घेऊन बघितलं. हे नाहीत. तिची सासू नाही. मुख्याध्यापिका केव्हाच गेल्या. एक जावई उरलेत, त्यांचं नाव मात्र मी घेतलं नाही. गेलेल्यांतलं एकेक माणूस गेलं तेव्हा मी रडले होते, आणि दर वेळी रडताना छातीवरचं ओझं थोडं हलकंही झालं होतं. मी त्यांच्या जाण्याची वाट बघत होते.