कळशीवरची पाच नावं

देवदत्तच्या अंगाला लाज फार वेळ चिकटत नसे. स्वोर्ड्स या आयरिश गावातल्या त्याच्या गल्लीत तो भर थंडीत पट्ट्यापट्ट्याची चड्डी घालून कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला जाई आणि समोरून कुणी आलंच, तर हात वर करून "ग्रँड!" म्हणे. औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर, वय अठ्ठेचाळीस, आवाज दणदणीत, आणि बढाई मारायला शेजारच्या मॉरीनच्या आणि त्याच्या अंगणांमधली बुटकी भिंत कायम हाताशी. अशा माणसाला २०२१ च्या जूनमध्ये एक लाज चिकटली, ती काही केल्या सुटेना.

सुरुवात भिंतीवरच झाली. सत्तरीची मॉरीन म्हणाली, "माझी आजी शंभर वर्षांपूर्वी सायकलच्या ट्यूबमध्ये लपवून इंग्रजांविरुद्धच्या बंडखोरांच्या चिठ्ठ्या न्यायची. शनिवारी आपल्या गल्लीचा झूम आहे, तिथे सांगणार आहे."

"आमच्याकडेही होता की बंडखोर!" देवदत्तने जागच्या जागी ठोकून दिलं. "अठराशे सत्तावन्नचा शिपाई. पलटण सोडून बंडात सामील झालेला!"

"खरंच? मग तूही बोल. नाव काय त्याचं?"

नाव शनिवारी सांगतो, असं म्हणून देवदत्त घरात आला आणि वडिलांच्या बाजूची छापील वंशावळ उघडून बसला. अकरा पिढ्या, दीडशे पुरुष. पण बंड करण्याइतका वेळ कुणालाच मिळालेला दिसेना. एकाने जमीन मोजणाऱ्या साहेबाशी वाद घातला होता, पण त्यानेही पुढच्याच ओळीत माफी मागितली होती. शिपाई आईकडचा, एवढं त्याने लहानपणी ऐकलं होतं. त्याने कणकवलीला आईला व्हिडिओ कॉल लावला.

"माझ्या आईच्या आईच्या आईचा बाप तो," आई म्हणाली. तिने बोटांवर पुन्हा मोजलं. "नाही, अजून एक आई. पण दत्तू, मला कशाला विचारतोस? कळशी तुझ्याकडेच आहे ना?"

"कुठली कळशी?"

"अरे, मी मांडीवर घेऊन विमानातून आणली ती! शिपायाने लेकीला लग्नात दिलेली. सासरी नाव बदलतात, म्हणून माहेरचं नाव तिच्यावर कोरून दिलं. वर बापाचं. मग तिच्या लेकीचं, मग तिच्या. पाच बायकांची नावं आहेत एकाखाली एक. मला मुलगी नाही, म्हणून गुंजनसाठी दिली तुमच्याकडे. जा, घेऊन ये आणि वाच. मला सगळी आठवत नाहीत, लिहून कशाला ठेवायची? कळशीवर होतीच की."

देवदत्तच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "ती... वर अ‍ॅटिकमध्ये आहे, आई. नंतर फोन करतो."

"थांब, शिडी आणते," त्याची बायको स्वरूपा शेजारून उठली. तिलाही त्याने वर्षभर अ‍ॅटिकच सांगितलं होतं.

"शिडी नको."

"का रे? मी धरते ना."

"नको म्हणतो ना!" मग आवाज एकदम खाली आला. "नाहीये ती वर."

झालं होतं असं. पहिल्या लॉकडाऊनमध्ये तो घरून मीटिंग घ्यायचा आणि कळशी मागच्या फळीवर दिसायची. एक दिवस मॅनेजरने, आवाज अगदी मऊ करून, वीस माणसांदेखत विचारलं, "देव, त्यात कोण आहे?" इथे गेलेल्या माणसाची राख अशाच भांड्यात घरी ठेवतात. देवदत्त "कोणी नाही, कोणी नाही" करत हसला, पण ओशाळला. पुढच्या महिन्यात दुकानं उघडताच त्याने कळशी वर्तमानपत्रात गुंडाळून, दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपला देऊन टाकली. त्या दिवशी त्याला फार हलकं वाटलं होतं.

"डॅड," तेरा वर्षांची गुंजन जिन्यावरून म्हणाली, "यू गेव्ह अवे माय पॉट?"

 स्वरूपाने काढलेली शिडी पुन्हा जिन्याखाली नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला. मास्कमधून, दोन्ही हातांनी कळशीचा आकार दाखवत, त्याने काउंटरवरच्या बाईंना विचारलं. त्यांना लगेच आठवलं. "पितळेची? ती आठवड्यातच गेली. एका मुलीने नेली. आई वारली होती तिची, अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी. आईला साध्या डब्यात ठेवायचं नाही म्हणाली. फोन करून विचारू का तिला?"

"नको," देवदत्त म्हणाला. कुणाची आई बाहेर काढून मागणार होता तो?

मॉरीनला त्याने भिंतीवरून सांगून टाकलं, नाव मिळत नाही, मी बोलणार नाही. शिपायाला कुठलंही नाव चिकटवता आलं असतं, आणि देवदत्तला तशी नावं सुचायची ददात नव्हती. पण आईला काय सांगणार? दोन दिवस तो तिचे फोन चुकवत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच लावला आणि मीटिंगपासून दुकानापर्यंत सगळं सांगितलं. एरवी कणकवलीपर्यंत फोनशिवाय पोचेल असा त्याचा आवाज, पण आईला दोनदा "काय?" विचारावं लागलं.

 तिच्या मागे पंखा कुरकुरत होता.

"कोणी नेली म्हणालास?"

"एका मुलीने. तिच्या आईसाठी."

"हं. मग तिने एकदा तरी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं असेल. वाचता येत नसलं तरी. तू फिरवलं होतंस?"

"नाही."

"वही घे. निदान मला आठवतात ती लिही. आवडी. ही माझी आई. तिच्या खाली माझं."

देवदत्तने आवडी लिहिलं. खाली लिहिलं उर्मिला. वही कॅमेऱ्यासमोर धरली.

"उर्मिला नव्हे रे. ते तुझ्या बाबांनी ठेवलेलं. कळशीवरचं लिही."

त्याने उर्मिला खोडलं. पेन कागदावर टेकवून तो बसून राहिला. अकरा पिढ्यांचे दीडशे पुरुष त्याने एका संध्याकाळी वाचून काढले होते. स्वरूपा दारात उभी होती, गुंजन तिच्यामागे. कुणीतरी हळूच सांगेल म्हणून त्याने वर पाहिलं. कुणालाच माहीत नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "तुझं माहेरचं नाव काय?"

पंख्याचा आवाज पुन्हा ऐकू आला.

"प्रभा," आई म्हणाली. "लिहिलंस? आता खाली गुंजनसाठी जागा सोड."