धुळीचं अस्त्र

परवा माझी नात कॉम्प्युटरसमोर बसून मैत्रिणींशी कचाकचा भांडत होती. त्या सगळ्या मिळून इंटरनेटवर एक खेळ खेळतात. कुणी मांत्रिक होतं, कुणी योद्धा. भांडण कशावरून, तर गर्दीवर टाकायच्या मंत्रावरून. एकट्यादुकट्यावर टाकायचा मंत्र जबर मारतो. गर्दीवरचा थोडाच मारतो, पण सगळ्यांना. आता समोर दहा राक्षस उभे असले तर प्रत्येकाला पुरता मार बसायचा, की तेवढाच मार दहांत वाटला जायचा? आजवर पुरता बसत होता, आणि खेळ चालवणाऱ्यांनी मध्येच नियम बदलला म्हणे. नात तणतणत हे सांगत होती तेव्हा मी जेवत होते. घास गेला नाही मला. या वयात खेळावरून कसली शिसारी, असं सुनेला वाटलं असेल. वाटू दे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात आम्ही राहायचो त्या चाळीत खाली भाडेकरूंच्या खोल्या आणि वर मालकांचं घर. माझे वडील, अण्णा, शाळेत गणिताचे मास्तर. आमच्या भिंतीपलीकडं एक विणकराचं कुटुंब होतं, घरात तेलुगू बोलणारं. त्यांची थोरली पोर माझ्याच वयाची, माझी जिवाभावाची मैत्रीण. बाप मागावर जायचा, आई विड्या वळायची, आणि त्या उन्हाळ्यात आईचे दिवस भरत आले होते. घागर उचलायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं. चाळीला नळ एकच. तो पहाटे यायचा आणि धार करंगळीएवढी. नळाभोवती शेवाळ, त्यात खरकटं, तंबाखूच्या पिंका. पाय ठेवायची किळस यायची. त्या राड्यात ही पोर अंधारात रांग धरायची आणि घरादाराचं पाणी एकटी ओढायची. दिवस वर आला की तिचे खांदे दुखायला लागायचे, मग ती मला ते दाबून द्यायला सांगायची.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोरं अस्त्रांचा डाव खेळायचो. अंगणात खडूनं मोठं रिंगण काढायचं. प्रत्येकाला ओंजळभर चिंचोके. तेच आपले प्राण. ज्यानं त्यानं आपलं अस्त्र निवडायचं. बाण एकाला लागे, पण एका फटक्यात पाच चिंचोके नेई, म्हणून सगळे बाणावर तुटून पडायचे. अग्निअस्त्र रिंगणातल्या सगळ्यांचे तीन तीन खाई. ते डावात दोनदा टाकता येई आणि कायम मालकाच्या पोराकडं. सगळ्यात शेवटी उरायचं ते धुळीचं अस्त्र. सगळ्यांचे दोन दोन, आणि अख्ख्या डावात एकदाच. तेवढी एक सवलत होती, की धूळ रिंगणाबाहेरूनही उधळता येई. बाहेर उभं राहिलेल्याला कुणी मारू शकत नसे, पण दर फेरीला त्यानं एक चिंचोका टाकायचा.

हा मालकाचा पोरगा आमच्याहून थोडा मोठा. सदा तोंडात काहीतरी चघळत असायचा. बोट नाकात घालायचा आणि त्याच बोटानं आमचे चिंचोके मोजायचा. ई! आठवलं तरी हात धुवावेसे वाटतात. त्या वर्षी त्यानंच पैज काढली: जो जिंकेल त्याच्या घरचं पाणी बाकीच्यांनी सुट्टीभर भरायचं. त्याच्या घरी स्वतःचा वेगळा नळ होता. मग त्याला आमचं पाणी कशाला? तर संध्याकाळी गच्चीवर मारायला. म्हणजे रात्री झोपताना फरशी गार लागते. आम्ही बाकीचे का-कू करत राहिलो. माझी मैत्रीण मात्र लगेच हो म्हणाली. सुट्टीभर पाणी भरून मिळालं, तर आईचं बाळंतपण होईपर्यंत तिच्या जिवाला उसंत होती.

तिनं आपण होऊन धूळ मागून घेतली. सगळे हसले. तिच्याकडं कुणी लक्षही देत नव्हतं, कारण ती निम्मा वेळ आईच्या हाकेला पळत असायची. परत आली की बाहेरच उभी राही, एक चिंचोका टाकी आणि बघत बसे. आत आम्ही बाणांनी एकमेकांचे जीव घेत होतो. शेवटी रिंगणात पाच जण उरलो. कुणाकडं एक, कुणाकडं दोन. मालकाच्या पोराकडं दोन, अग्निअस्त्र दोन्ही वेळा टाकून झालेलं. तिच्याकडं बाहेर एकच. तेव्हा तिनं वाकून मूठभर माती घेतली आणि आमच्यावर उधळली.

सगळे मेलो की आम्ही. मी तर आनंदानं मेले, चिंचोके फेकून नाचायलाच लागले.

मालकाचा पोरगा हलला नाही. केसातली माती झटकत म्हणाला, धुळीचं बळ मुळात दोनचं. ते पाच जणांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धासुद्धा चिंचोका येत नाही, म्हणजे मेलं कुणीच नाही. पाहुणे वाढले की आमटी पातळ होते, तसं. तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. अरे, तुझं अग्निअस्त्र सुट्टीभर प्रत्येकाचे तीन तीन खात होतं, तेव्हा आमटी कुठं गेली होती? मैत्रीण भांडली नाही. शांतपणे म्हणाली, “शेजारी कुणी मिरचीची फोडणी दिली तर सगळ्या चाळीला शिंका येत्यात. मानसं लई हायती म्हणून कुणाला पाव शिंक येती काय?”

न्याय करायला आम्ही अण्णांकडं गेलो. गणिताचे मास्तर, दुसरं कुणाकडं जाणार? ते दारात खाटेवर पंख्यानं वारा घेत बसले होते. दोघांचं म्हणणं त्यांनी नीट ऐकलं. पाव शिंकेवर तर खळखळून हसले. म्हणजे त्यांना कळलं होतं. पुरतं कळलं होतं.

मग त्यांची नजर वर गेली. गॅलरीत मालक कठड्यावर रेलून सुपारी कातरत ऐकत उभे होते. आमची खोली पुतण्याला हवी आहे, असं ते तेव्हा अधूनमधून सुचवायचे. अण्णांचं हसू मावळलं. चेहऱ्यावर एक गुळगुळीत, ओशाळं असं काहीतरी आलं. ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि मला ते पाहवेना.

“अस्त्र वाटूनच लागतं,” अण्णा म्हणाले. “त्याचं बरोबर आहे.”

थू. माझ्या स्वतःच्या बापाबद्दल सांगतेय मी, पण थू. वर सुपारी कातरल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. पुढच्या फेरीला मैत्रिणीनं आपला शेवटचा चिंचोका टाकला आणि ती मेली; डाव मालकाच्या पोरानं नेला. त्या रात्री अण्णांनी माझ्या ताटात भाकरी वाढली, तर त्या हाताकडं बघून मी ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळावर ती घरची घागर घेऊन उभी होती, आणि शेजारी गच्चीवर न्यायची बादली. आमच्याही हातात तसल्याच बादल्या. इतक्यात अण्णा आले. माझा बाप जन्मात नळावर आला नव्हता. सदऱ्याच्या बाह्या सारून ते त्या शेवाळात उतरले, तिची घागर भरली, खांद्यावर घेतली आणि तिच्या दारापर्यंत गेले. मी मागोमाग. माझा राग निम्मा तिथंच उतरला होता, खोटं कशाला बोलू.

ती धावत पुढं गेली आणि दारात आडवी उभी राहिली.

“मास्तर, पानी नको,” ती म्हणाली. “काल मी जिंकले होते, एवढं म्हना की.”

वर गॅलरीत कुणी नव्हतं. मालकांकडं सगळे अजून झोपलेले. बोळात आम्ही तिघंच होतो. अण्णांनी घागर खाली ठेवली, धोतराला हात पुसले.

“अगं, खेळ तो,” ते म्हणाले.

तिनं घागर उचलली. नळाशी नेली, रांगेतल्या एका म्हातारीच्या बादलीत ओतली आणि रिकामी घागर घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.