भागीमावशीने खोटं लग्न लावलं नाही

माझं लग्न एका सिनेमाच्या सेटवर लागलं. ते लावणारी बाई आज सकाळी गेली.

कोपरची भागीमावशी. वय नव्वदच्या आसपास. नक्की किती ते तिलाही माहीत नव्हतं, आणि विचारलं की चिडायची.

मावशी धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात भटजीच्या जागी बसून, धवले म्हणजे लग्नाची गाणी गाऊन लग्न लावणारी बाई. हातात पोथी नाही, सगळं तोंडपाठ. आमच्या गावातली अर्धी लग्नं तिनेच लावलीत. माझ्या पप्पांचंसुद्धा.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही एक पिरियड फिल्म करत होतो. एकोणिसाव्या शतकाची शेवटची वर्षं, खाडीकाठचं मिठागर. मीठ ओढणारी आगऱ्याची पोर आणि मिठागराच्या मालकाचा मुलगा. त्यांच्या लग्नाला भटजी येत नाही, तेव्हा गावची धवलारीण पुढे होते. तोच क्लायमॅक्स.

मी कॉस्च्युम बघत होते. धवलारणीच्या कामासाठी मावशीला मीच घेऊन गेले. पहिल्याच दिवशी तिने हिरॉईनचं घोट्यापर्यंत आलेलं लुगडं बघितलं आणि मला सगळ्यांसमोर झापलं.

"मिठान उतराचा हाय तिला. गुडघ्याच्या वर खोच."

माझा तीन महिन्यांचा रिसर्च गेला खाडीत.

क्लायमॅक्सच्या दिवशी मांडव तयार, अंतरपाट तयार, कॅमेरा तयार. मावशीने हिरॉईनला सहज विचारलं, "बाय, तुजा लगीन जालाय का?"

ती बिचारी खरं बोलली. चार वर्षं झाली, एक मुलगी आहे.

मावशी पाटावरून उठली.

आमचा डायरेक्टर निखिल धावत आला. मावशी, ही ॲक्टिंग आहे, खरं लग्न नाही.

"ॲक्टिंग तुमची. धवला गायला का लगीन लागला. हिचा एक लागलाय, दुसरा मी नाय लावाची."

निखिल हात जोडून झाला, चहा पाजून झाला. मावशी ढिम्म. त्यात मांडव खाडीच्या अगदी कडेला, आणि दुपारनंतर उधाणाची भरती.

मग तिने माझ्याकडे बघितलं. नंतर सौरभकडे.

सौरभ आमचा साऊंड रेकॉर्डिस्ट. आमचं सहा वर्षं चालू होतं. दोन्ही घरांना आणि सगळ्या गावाला माहीत होतं, आणि दोन्ही घरांचा ठाम नकार होता.

आता यातली गंमत बघा. सिनेमात मिठागरवाली गरीब आणि मुलगा श्रीमंत. आमच्यात पप्पांच्या दोन बिल्डिंगा, आणि सौरभचे बाबा शाळेत मास्तर, घर डोंबिवली ईस्टला वन बीएचके. तरी त्याच्या आईचं म्हणणं, "आपल्यात नाही हो ते बसत." आणि पप्पांचं म्हणणं, "मास्तराच्या घरान पोर देऊ?" सव्वाशे वर्षांत सगळं उलटंपालटं झालं, नाकं तेवढी दोन्हीकडे जागच्या जागी.

"यांचा लावते," मावशी म्हणाली. "पाठीमागशी काढा तुमचा सिनेमा."

सौरभ म्हणाला, मी तयार आहे. मला रडू फुटलं. मी म्हटलं, पप्पांशिवाय मी उभी नाही राहणार.

मावशीने माझाच फोन घेऊन पप्पांना लावला. "तुजा लगीन मी लावलाय, तुज्या पोरीचा पन मीच लावनार. भरतीच्या आंगुदर ये."

आमच्यात धवलारणीला नाही म्हणत नाहीत. पप्पा आले. कपाळावर आठ्या, पण हातात नारळ.

सौरभनेही घरी फोन केला होता. त्याची आई बाबांना घेऊन रिक्षातून उतरली ती भांडायच्या तयारीनेच.

"गुरुजी कुठायत?"

"मी हाय," मावशी म्हणाली.

"आणि मुहूर्त?"

मावशीने खाडीकडे बोट दाखवलं. "पानी चढला का मांडव गेला. त्याच्या आंगुदर." मग तिने आईंच्या ओंजळीत तांदूळ ओतले. "पोराची आय तू. तुजे हातची अक्षता नसंल तं मी तोंड उघडाची नाय."

आईंनी ओंजळ घट्ट धरली. मग बाबांना म्हणाल्या, "अहो, नुसते उभे काय राहिलात? तुम्हीपण घ्या."

मी हिरॉईनचं लुगडं नेसले, गुडघ्याच्या वर खोचून. सौरभने हिरोचा अंगरखा घातला. कॅमेऱ्याकडे आमच्या पाठी, आणि मावशी गायली. त्या वयात असा आवाज की बांधावरचे बगळे उडाले.

कट झाल्यावर कळलं की रेकॉर्डर चालूच केलेला नव्हता. करणारा अंतरपाटाशी उभा होता.

निखिलने कपाळावर हात मारला. मावशी, फक्त एकदा परत?

"लगीन काय दोनदा लावतान?"

कॅमेऱ्याच्या बारक्या माइकमध्ये जेवढं आलं तेवढंच सिनेमात आहे. लांबून, वाऱ्यात, मध्येच तुटणारं. त्याच साऊंडला पुढे अवॉर्ड मिळालं. परीक्षक म्हणाले, फार विचारपूर्वक केलंय. सौरभ खाली मान घालून ट्रॉफी घेऊन आला.

डोंबिवलीतल्या पहिल्या शोला सगळं गाव आलेलं. तो सीन लागला आणि पप्पा भर थिएटरात उभे राहिले. "ती पाठ माजे पोरीची हाय."

शेजारी सौरभची आई होती. मला वाटलं, आता त्यांना खाली बसवणार. त्या स्वतःच उठल्या. "आणि तो आमचा सौरभ."

थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. आम्ही जिंकलो ते त्या क्षणी.

मावशीला विचारलं, कसा वाटला सिनेमा? "लगीन बरा जाला. बाकी लांबलाय."

आज तिला शेवटचं बघून आलो. सौरभ सकाळपासून एकच घोकतोय, निदान बटण तरी दाबायला हवं होतं, तिचा आवाज राहिला असता.

मी त्याला म्हटलं, तू तेव्हा नवरा होतास. जिथे उभं राहायचं तिथेच उभा होतास.

मावशे, आमचा लगीन पक्का लागलाय. सुखान जा.