शांताबाईंचं निळं कार्ड

रेवा, नील — हे तुमच्या आजोबांच्याही कानावर कधी गेलं नाही. आज सकाळी पेनात शाई भरून बसले आहे.

तुम्ही मित्रांना सांगता ना, आमची आजी कादंबऱ्या लिहिते, तिने सिनेमा लिहिला, ती शोध घेत गावोगाव फिरते? तिन्ही गोष्टी खऱ्या. माझी शिस्तही तुम्हाला ठाऊक आहे. शोधातली माहिती निळ्या कार्डांवर, कादंबरीची टिपणं पिवळ्यांवर, पटकथेची पांढऱ्यांवर. एका रंगातलं दुसऱ्यात जाऊ द्यायचं नाही.

मी जाऊ दिलं.

बापाच्या जमिनीवरचा हक्क भाऊ बहिणींना कसा सोडायला लावतात, याचा शोध घेत मी तेव्हा वाशीम जिल्हा पालथा घातला होता. काय दिवस होते ते! बस, मग जीप, मग तलाठ्याकडचे जुने कागद — एकेका नोंदीत एकेक बहीण नाहीशी झालेली. मला भूकही लागायची नाही.

शेलूबाजारजवळच्या एका गावात शांताबाई भेटल्या. भाऊबीजेला भावाने त्यांना हिरवं लुगडं दिलं आणि दुसऱ्याच दिवशी "बाबाचं नाव कमी करायचा कागद आहे" म्हणून अंगठा घेतला; कागद होता हक्क सोडल्याचा. अंगठ्याची शाई त्यांनी त्याच लुगड्याच्या पदराला पुसली. डाग गेला नाही. तरी सणावाराला त्या तेच नेसायच्या.

"तुमी तं पोलिसावानी इचारून राह्यल्या, ताई," त्या हसल्या. मग हसू थांबलं. "माहा भाऊ हाय तवर हे कुठी लिवू नका. वावर गेलं तं गेलं. दिवाईचं माहेर तेवढं राहू द्या मले."

मी शब्द दिला. निळ्या कार्डावर लिहिलं — प्रसिद्ध करू नये. खाली लाल रेघ मारली.

आणि परतताना बसमध्येच पहिलं प्रकरण सुचलं! मी नाव बदललं, गाव बदललं. पण पदरावरचा डाग? तो मला टाकवेना. असा तपशील हातात आल्यावर — मी टाकणार होते का कधी? कादंबरी गाजली. तिचा सिनेमा झाला, पोस्टरवर तोच पदर. गावाने सिनेमा मोबाइलवर पाहिला आणि तो पदर लगेच ओळखला. भावाने शांताबाईंना दार बंद केलं.

शांताबाईंचा फोन आला. "ताई, तुमी लिवलं का हे?"

हो म्हणायला काय लागलं असतं? पण मी ज्या टोपणनावाने लिहिते, ते त्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच आठवड्यात मला पुरस्कार जाहीर झाला होता. मी म्हणाले, "नाही हो. सिनेमावाल्यांनी कुठून तरी ऐकलं असेल."

"मंग भावजयीनंच सांगतलं असन. तिलेच मालूम होतं."

ती भावजय — त्या घरात शांताबाईंच्या बाजूने बोलणारी एकटी बाई. मी तेव्हाही गप्प राहिले. शांताबाईंनी तिच्याशी बोलणं तोडलं. गेल्या महिन्यात भावजय वारली. शांताबाई तिच्या मातीलाही गेल्या नाहीत.

या कागदाच्या मी दोन प्रती केल्या आहेत. एक तुम्हाला. दुसरी शांताबाईंना — पण त्यांना वाचता येत नाही. ती मलाच त्यांच्यासमोर बसून, मोठ्याने वाचावी लागेल.

दहाची बस आहे, पुढे शांताबाईंच्या गावची जीप.