हिमायतनगरला जाऊन आलेली क्रीम

मंगळवार होता. क्लासमध्ये केमिस्ट्रीचे दोन तास घेऊन मी दुकानी आलो, क्रीमसाठीच्या लेसिथिनचा डबा कोमट पाण्यात ठेवला आणि फोन वाजला. रशीदभाई गेले. लातूरच्या त्यांच्या अत्तराच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही दोघांनी सहा वर्षं क्रीम केली. आता भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांचा एक किस्सा ठेवून जातो. ढीग झालाय! त्यात हे माझे.

*

रशीदभाईंचा हट्ट एकच. क्रीममधलं तेल आणि पाणी बांधून ठेवणारा पदार्थ झाडापासूनच हवा, आणि आपल्या मे महिन्यातही ती क्रीम फुटता कामा नये. म्हणून तेलगिरणीतून सोयाबीनचं लेसिथिन आणायचो. मधासारखं घट्ट, चिकट. ते बांधतं कसं, हे मी क्लासमध्ये सांगतो तसं सांगितलं, "एका टोकाला पाणी आवडतं, दुसऱ्याला तेल."

"म्हणजे लग्न जमवणारा मामू! दोन्ही घरी जेवतो!"

*

लेसिथिनला कच्च्या सोयाबीनचा वास. त्यावर त्यांनी गुलाबाचं अत्तर ओतलं. शेजारच्या मुलींच्या हॉस्टेलच्या मावशींनी बरणी हुंगली.

"भाई, वरणाला गुलाबाची फोडणी दिली का वो?"

"मावशी, ही खायची न्हाई, लावायची हाय."

"कशाला लावू? भाकरीला?"

*

भूकंपानंतर कितीतरी वर्षं कपबशी वाजली तरी आम्ही लातूरकर रस्त्यावर यायचो. एकदा सोयाबीनचा ट्रक गेला, बरण्या थरथरल्या, सगळी गल्ली बाहेर. रशीदभाईही बाहेर, पण पातेल्यासकट, ढवळत!

"अहो, ठेवा ते खाली!"

"थंड होईपर्यंत हात थांबवायचा न्हाई, सर. तुम्हीच शिकवलं की!"

*

क्रीम टिकते का, हे तपासायला मशीन नव्हतं. रशीदभाईंनी हिमायतनगरची एसटी शोधली. ड्रायव्हरशेजारी इंजिनच्या बॉनेटवर बरणी ठेवायची. आच, ऊन, खड्डे, सगळं एकदम! परत येईपर्यंत तेल वर तरंगलं, की नापास. अकरा बरण्या नापास झाल्या. बारावी रिकामीच आली.

कंडक्टर म्हणाला, "अहमदपूरला मी टाचांना लावली जराशी. नांदेडपर्यंत ड्रायव्हरनं संपवली."

रशीदभाई खूश. "फुटायच्या आधी संपली. पास!"

मी मान्य केलं नाही. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

*

तेराव्या बरणीत त्यांनी थोडा बाभळीचा डिंक घातला. सोमवारी ती स्वतः गाडीत ठेवून आले. बुधवारी, दफनाच्या दुसऱ्या दिवशी, मी स्टँडवर गेलो. कंडक्टरला काही ठाऊक नव्हतं. त्यानं झाकण उघडून बरणी माझ्या नाकाशीच धरली. सायीसारखी, घट्ट. वर तेलाचा एक थेंब नाही.

"सर, जमली एकदाची! लई छळलं वो भाईनं. आता पेढे घेऊन स्वतः या म्हणावं. तुमच्या हातचे चालणार न्हाईत!"

मी "हाव" म्हणालो.

त्याला मी अजून सांगितलेलं नाही.