तोंडं एकेचाळीस

आटपाडी नीट मांडी घालून बसलेली मी दोन वर्षांत पाहिली नाही. साताऱ्याला आमच्या होस्टेलवर पोरींना गावाच्या नावानं हाक मारायची पद्धत. मी इस्लामपूर, ती आटपाडी. अभ्यास चालत, केस विंचरणं चालत, जेवायला बसली तरी एक गुडघा उभा. "बस की गं, आम्हाला गरगरतंय," म्हटलं की म्हणायची, "तुमी बसा. मला बसलं की झोप येती." घरची मेंढरं. अख्खं घराणं चालण्यात गेलेलं, आता शाळा लागलीय हे हिच्या पायांना कोण सांगणार?

दुसरी खोड खरं बोलायची. माझ्या नव्या ड्रेसला सगळ्या "भारी, भारी" करत होत्या, तर ही येरझाऱ्या घालता घालता म्हणाली, "पडद्याचं कापड हाय व्हय?" होतंच. आईनं उरलेल्या पडद्याचा शिवला होता.

माझी खोड वेगळी. मी आवाज काढायचे. मेसच्या मावशी, गणिताचे सर, रेक्टर मॅडम, सगळे खोकल्यासकट.

संध्याकाळी सातला हजेरी. मॅडम रजिस्टरात डोकं घालून नावं घ्यायच्या आणि आटपाडी रांगांतून फिरत डोकी मोजायची. ते काम मॅडमनी मुद्दाम तिला दिलेलं. पळती मेंढरं नजरेनं मोजायला तिला आईनं शिकवलेलं, आम्ही तर जागेवर उभ्या.

एका शनिवारी आमच्या खोलीतली सायली वाढदिवसाला बाहेर गेली ती वेळेत आलीच नाही. तिचं नाव आलं आणि तिच्या नाकातल्या आवाजात "हजर मॅडम" माझ्या तोंडून निघून गेलं. तिनं सांगितलंही नव्हतं. जीभ शिवशिवली, एवढंच.

आटपाडी म्हणाली, "मॅडम, हजर बेचाळीस आलं. तोंडं एकेचाळीस हायत."

"मग ओ कुणी दिली?"

"मला ठावं हाय. पण तिचं तिनं सांगायचं."

मागून आलेल्या सायलीलाही ओ कुणी दिली ते ठाऊक नव्हतं. मला आधीच दोन वॉर्निंग मिळालेल्या. तिसरीला ट्रंक घेऊन घरी. मॅडमचा संशय माझ्यावरच होता, पण नुसत्या संशयावर त्या कुणाला घालवायच्या नाहीत. त्या आटपाडीलाच म्हणाल्या, "नाव कळेपर्यंत तुझी उद्याची रजा बंद."

ती रजा साधी नव्हती. दसरा झाला की तिच्या घरची मेंढरं चरायला पश्चिमेकडं निघायची. यंदा साताऱ्याबाहेर एका रानात तळ पडला होता, रविवार संध्याकाळपर्यंतच. आईला तिनं जूननंतर बघितलं नव्हतं.

रविवारी सकाळी ती गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होती, मी मागं मागं.

"तुझ्या आईच्या आवाजात मॅडमना फोन लावू? रडून दाखवते. सोडतील."

ती थांबली नाही. "माझ्या आईला लबाडीत घेऊ नगो."

"मग माझं नाव सांगून टाक ना."

"माझ्या तोंडात जीभ हाय, तशी तुझ्या पण हाय की."

दुपारच्या जेवणापर्यंत मी चार वेळा मॅडमच्या दारापर्यंत जाऊन परत आले. पाचव्यांदा आत गेले. इतक्या लोकांचे आवाज काढलेली मी, माझा स्वतःचा काही केल्या फुटेना. शेवटी फुटला. मॅडमनी आधी आटपाडीला रजेची चिठ्ठी दिली, मग माझ्या वडिलांना, आबांना, फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मी ट्रंक भरत होते तेव्हा ती दारात आली.

"आई भेटली?"

"भेटली. लय वाळलीया." मग म्हणाली, "तू सांगितलं नसतंस तरी मी नाव घेतलं नसतं. पण तुझ्याशी बोलले बी नसते."

ट्रंकेची एक कडी तिनं धरली, एक मी. फाटकापर्यंत दोघींनी नेली.

एसटीत मी आबांना सगळं सांगितलं. त्यांना माहीत नसलेल्या दोन्ही वॉर्निंगसुद्धा. तोवर कराड मागं पडलं. मग आबा म्हणाले, "त्या पोरीला सुट्टीत घरी घेऊन ये."

अजून आलेली नाही. दर सुट्टीत मी फोन करते, ती म्हणते, "बघती." दुसरी कुणी असती तर मी नाद सोडला असता. पण ही म्हणतेय म्हणजे खरंच बघत असणार. आई दर वेळी विचारते, पाहुणी कुठवर आली?